१७०७ नंतरच्या ताराराणी

कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला आणि त्यावर तरणीबांड राणी. शाळेच्या पुस्तकातून भेटणाऱ्या ताराबाई याच वयाच्या असतात. पंचविशीत वैधव्य आलेल्या, चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंजणाऱ्या. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि बहुतेकांच्या मनातील ताराबाईंची कथाही तेथेच संपली.

त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस होते. त्यानंतर त्या आणखी चोपन्न वर्षे जगल्या. यातील तीसहून अधिक वर्षे कैदेत किंवा नजरकैदेत गेली. मुलगा गेला, सवतीने गादी हिरावली, पुतण्याने आश्रय दिला आणि पहाराही बसवला. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर आपल्याच नातवाला, म्हणजे प्रत्यक्ष छत्रपतींना, अटक केली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर वर्षभराने त्या जन्मल्या आणि पानिपतच्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. मराठी राज्याचे सारे वैभव आणि सारी भांडणे एवढ्या जवळून पाहिलेली दुसरी व्यक्ती सापडणे कठीण.

ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. हंबीररावांची बहीण सोयराबाई शिवाजी महाराजांची राणी, आणि सोयराबाईंचे पुत्र राजाराम. म्हणजे ताराबाई आणि राजाराम ही मामेआतेभावंडे. १६८० साली शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सोयराबाई आणि काही प्रधानांनी धाकट्या राजारामांना गादीवर बसवले, तेव्हा हंबीररावांनी बहिणीची बाजू घेतली नाही. सख्ख्या भाच्याला डावलून ते थोरल्या संभाजी महाराजांच्या मागे उभे राहिले, आणि त्यामुळेच तो प्रश्न फारसा रक्तपात न होता सुटला. थोरली पाती की धाकटी पाती, हा वाद ताराबाईंच्या बालपणीच घरात शिरला होता. वडिलांनी त्याचा निकाल एका बाजूने दिला. मुलीने पुढे उभे आयुष्य दुसऱ्या बाजूने लढवले. याला दैवाचा खेळ म्हणावे की स्वभावाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

राजारामांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. १६८७ च्या अखेरीस हंबीरराव वाईजवळच्या लढाईत पडले. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम रायगडावरून निसटून दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचले आणि रायगड मोगलांच्या हाती गेला. त्याबरोबर येसूबाई आणि बाल शाहूही कैदेत पडले. मागे राहिलेल्या राजारामांच्या राण्या पुढे काही वर्षांनी लपतछपत, काही वाट समुद्रातून, जिंजीला गेल्या. १६९६ मध्ये जिंजीतच ताराबाईंना मुलगा झाला. त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवले. दोन वर्षांनी जिंजी पडली. राजाराम त्याआधी निसटले होते. राजपरिवार अनेक हालअपेष्टांनंतर परत आला. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजारामांचे निधन झाले आणि महिन्या-दीड महिन्यात साताराही पडला.

पुढील सात वर्षांचा इतिहास परिचित आहे, म्हणून तो येथे फार लांबवण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. ताराबाईंचे युद्ध समोरासमोरच्या लढायांचे नव्हते. किल्लेदाराने गड जमेल तितके महिने लढवायचा, बादशाही फौजेचा पैसा, दारूगोळा आणि पावसाळा खर्ची पाडायचा, मग पैसे मोजून घेऊन गड सोडायचा आणि फौज पुढे सरकली की तोच गड परत घ्यायचा, असा तो हिशेब होता. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगड घेऊन औरंगजेब परत फिरला, तेव्हा पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरांच्या वाटेला त्याच्या छावणीला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर आलेला, जनावरे चिखलात रुतलेली. त्याच काळात मराठ्यांच्या तुकड्या नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या आणि १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांना धूळ चारली. खाफीखान हा शत्रुपक्षाचा इतिहासकार. पण ताराबाईंची बुद्धी, कारभारावरील पकड आणि सरदारांना राखण्याची हातोटी यांची नोंद त्यालाही करावी लागली.

औरंगजेबाला जे साधले नाही ते त्याच्या मुलाच्या एका साध्या निर्णयाने साधले. मे १७०७ मध्ये आझमशाहने शाहूची सुटका केली. मराठ्यांत दुही माजावी हा त्यामागचा हेतू उघड होता. सात वर्षे ज्या राज्यासाठी ताराबाई झगडल्या त्या राज्याचा थोरल्या पातीचा वारस, सतरा वर्षांची कैद भोगून, दारात उभा राहिला. ताराबाईंनी जाहीर केले की हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. खंडो बल्लाळांना खात्री करून घेण्यासाठी पाठवण्यात आले, तर त्यांनी येणारा खराच शाहू असल्याचा निर्वाळा दिला. बखरी सांगतात की ताराबाईंनी सरदारांना दूधभातावर हात ठेवून आपल्या मुलाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. शपथेपेक्षा रक्ताचा वारसा त्यांना जड वाटला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

येथे ताराबाईंची बाजूही समजून घेतली पाहिजे. शिवाजी महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेले. आज जे उभे आहे ते राजारामांनी आणि आपण नव्याने उभे केले, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. मोगलांच्या छावणीत लहानाचा मोठा झालेला, मोगलांनीच सोडलेला राजपुत्र उद्या कोणाच्या तंत्राने चालेल, ही शंकाही त्या परिस्थितीत वावगी नव्हती. तरीही तोतयेपणाचा आरोप खोटा होता, आणि तो खोटा आहे हे त्यांना ठाऊक नसावे असे मानणे अवघड आहे.

ताराबाई मागे हटल्या, पण मोडल्या नाहीत. पन्हाळा-कोल्हापूरच्या आश्रयाने त्यांनी मुलाची वेगळी गादी उभी केली. आजच्या कोल्हापूरच्या राजघराण्याचा आरंभ हाच. परंतु ही गादीही त्यांना फार काळ लाभली नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर अंतर्गत उठाव झाला. सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना त्याच गडावर कैदेत टाकले. ज्या किल्ल्यावरून त्या हुकूम सोडत होत्या, त्याच किल्ल्यावर त्या बंदिवान झाल्या. वय एकोणचाळीस.

ही कैद सोळा वर्षांची. या काळात बाहेरचे जग पार बदलले. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या काळात दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या, त्यांच्यामागून बाजीरावांचा काळ सुरू झाला. १७१९ मध्ये येसूबाईही सुटून साताऱ्याला आल्या. या दोन जावांच्या आयुष्याची तुलना कोणी फारशी करत नाही. येसूबाई जवळजवळ तीस वर्षे मोगलांच्या कैदेत होत्या. ताराबाईंच्या बंदिवासाची आणि नजरकैदेची वर्षे त्याहूनही अधिक भरतात, आणि ती सगळी आपल्याच माणसांच्या पहाऱ्यातील आहेत.

१७२६ च्या सुमारास पन्हाळ्यावरच त्यांचा मुलगा शिवाजी देवीच्या रोगाने गेला. जिंजीच्या वेढ्यात जन्मलेल्या या राजाच्या वाट्याला गादीवरील वर्षे चौदा आली आणि त्यातीलही बहुतेक आईच्या नावाने चालली. त्याच सुमारास त्याची पत्नी भवानीबाई प्रसूत झाली. मुलगा झाला. राजसबाईंच्या माणसांना हे कळले तर बाळ जगणार नाही, या भीतीने ताराबाईंनी त्याला गुपचूप गडाबाहेर काढले. हा मुलगा म्हणजे रामराजा. तो पुढे आपली बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्याकडे बार्शीजवळच्या पानगावात राहिला. छत्रपतींच्या वंशाचा अंकुर आडगावात वाढतो आहे, हे ठाऊक असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ताराबाईंनी हे गुपित वीसहून अधिक वर्षे पोटात ठेवले. त्यांच्या साऱ्या मसलतींत इतकी काळजीने सांभाळलेली दुसरी गोष्ट दिसत नाही.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने कोल्हापूरकर संभाजींचा वारणेच्या खोऱ्यात पराभव केला आणि छावणीबरोबर ताराबाई व राजसबाईही शाहूंच्या हाती आल्या. पुढच्या वर्षी, १३ एप्रिल १७३१ रोजी, वारणेचा तह झाला आणि दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. राजसबाई सन्मानाने कोल्हापूरला परतल्या. ताराबाईंनी मात्र साताऱ्यातच राहण्याचे ठरवले. कैद कोठेही कैदच, मग ती साताऱ्यातच का नको, असा त्यांचा विचार होता असे सांगितले जाते. कोल्हापुरात सवतीचे राज्य होते. साताऱ्यात निदान पुतण्या होता, ज्याला आपण तोतया ठरवले होते आणि ज्याने त्याचा सूड घेतला नाही. शाहूंनी चुलतीला मानाने वागवले. पहारा ठेवला, पण मान राखला. शाहू महाराजांच्या मनाचा मोठेपणा ज्या थोड्या प्रसंगांतून लख्ख दिसतो, त्यांपैकी हा एक.

अशी अठरा वर्षे गेली. शाहू ताराबाईंपेक्षा सात वर्षांनी लहान. तेही आता थकले होते आणि त्यांना पुत्र नव्हता. कोल्हापूरच्या संभाजींना साताऱ्याची गादी द्यावी हा एक पर्याय होता, पण शाहूंना तो मान्य नव्हता. दत्तकाच्या शोधाची बोलणी सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी आपले गुपित उघड केले. आपला नातू जिवंत आहे, शिवाजी महाराजांचा सरळ वंशज आहे, परक्या घरातून दत्तक आणण्याचे कारण नाही. राणी सकवारबाईंना हे पटले नाही. शाहूंना पटले. मृत्यूपूर्वी त्यांनी दोन याद्या लिहून राज्याचा कारभार पेशवे बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब यांच्याकडे सोपवला. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निवर्तले. ४ जानेवारी १७५० रोजी रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. ग्रँट डफ नोंदवतो की तत्पूर्वी ताराबाईंना फौजेसमक्ष नातवाबरोबर एका ठिकाणी जेवायला बसावे लागले आणि त्या अन्नावर हात ठेवून हा आपलाच नातू असल्याची शपथ घ्यावी लागली. एका अर्थाने बेचाळीस वर्षांनी त्यांची जीत झाली होती. थोरल्या पातीचा वंश संपला आणि साताऱ्याच्या गादीवर ताराबाईंचा नातू आला.

पण गादी आणि सत्ता आता एका जागी राहिली नव्हती. कारभार पुण्याला सरकला होता. ताराबाईंच्या हिशेबी पेशवा हा छत्रपतींचा चाकर. त्यांच्या तरुणपणी प्रधान हुकूम घ्यायला येत असत. आता हुकूम प्रधानाकडून येत होते. सिंहगडावर पतीच्या समाधीच्या दर्शनाला जाण्याचे निमित्त करून त्यांनी पंतसचिवांना आपल्या बाजूला वळवण्याचा प्रयत्न केला. उमाबाई दाभाडे यांच्या मनातही पेशव्यांविषयीची सल होती. गुजरातेच्या निम्म्या उत्पन्नावर पेशव्यांनी हक्क सांगितला होता. दोघी वृद्ध विधवा, दोघींनी आपापली मुले गमावलेली आणि दोघींना पुण्याचा उत्कर्ष खुपणारा. त्यांचा मेळ बसणे स्वाभाविक होते.

ताराबाईंचे गणित फसले ते नातवात. रामराजा आडगावात वाढलेला, राजकारणाचे वारे न लागलेला तरुण. १७५० च्या पावसाळ्यानंतर सांगोल्याला त्याने पेशव्यांच्या सर्वाधिकाराला मान्यता दिली. आजीने नातवाला पेशव्यांना पदावरून दूर करण्याविषयी सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी चंपाषष्ठी होती. खंडोबाच्या या सणासाठी ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले, पुन्हा एकदा समजावले आणि तो परत निघाला तेव्हा दरवाजे लावून घेतले. छत्रपती आजीच्या कैदेत पडले. पेशवे त्या वेळी निजामाच्या मुलखाकडे गुंतले होते.

हे धाडस एकाकी नव्हते. ताराबाईंच्या आणि उमाबाईंच्या हाकेवर दमाजी गायकवाड सुमारे पंधरा हजार फौज घेऊन गुजरातेतून निघाले. मार्च १७५१ मध्ये साताऱ्याजवळ निंब येथे त्यांनी पेशव्यांच्या सरदारांचा पराभव केला आणि गडावर जाऊन ताराबाईंची भेट घेतली. त्या काही दिवसांत शहाहत्तरीला आलेल्या या बाईंच्या हाती पुन्हा एकदा राज्याची दोरी येते की काय, अशी स्थिती होती. पुढे मात्र सारे उलटले. दमाजींची फौज वेण्णेच्या खोऱ्यात कोंडली गेली. नानासाहेब तातडीने परतले, तहाची बोलणी चालू असताना ३० एप्रिलला त्यांनी छावणीवर अचानक हल्ला केला आणि दमाजी कैद झाले. या कृत्याला शौर्य म्हणता येत नाही, आणि पेशव्यांच्या चाहत्यांनाही त्याचे समर्थन करणे जड जाते.

तरी ताराबाई गड सोडायला तयार नव्हत्या. शिबंदीतील आनंदराव जाधव या अंमलदाराने व्यर्थ हट्ट ओळखून रामराजाला सोडवण्याचा बेत केला, तर त्यांनी त्याचा शिरच्छेद करवला. नातवाला हलाखीत, निकृष्ट अन्नावर ठेवल्याच्याही नोंदी आहेत. ताराबाईंचे चरित्र लिहिणाऱ्याला ही पाने वगळावीशी वाटतात. पण ती वगळली तर १७०० सालची राणीही नीट कळत नाही. मिठी सैल न करणे हाच तो गुण. समोर औरंगजेब असताना त्याने राज्य वाचवले. समोर नातू असताना त्याच गुणाने घर जाळले.

वेढा घालून आजीबाईंना जेरीला आणणे नानासाहेबांना अशक्य नव्हते. पण शिवछत्रपतींच्या सुनेवर तोफा डागल्याचा बोभाटा त्यांना परवडणारा नव्हता. शेवटी तडजोड झाली. १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीच्या खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि नानासाहेब यांनी परस्परांशी सलोख्याने वागण्याच्या शपथा घेतल्या. त्याच ठिकाणी ताराबाईंनी देवासमोर सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे. तो गोंधळ्याचा पोर आहे, तोतया आहे.

पंचेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा हा शब्द त्यांनी छत्रपतींच्या गादीवर बसणाऱ्या माणसाविषयी उच्चारला. पहिल्यांदा पुतण्याविषयी, आता पोटच्या मुलाच्या मुलाविषयी. ज्याला जिवावर उदार होऊन पन्हाळ्यावरून बाहेर काढले, ज्याच्याबरोबर फौजेसमक्ष एका पानात जेवून शपथ घेतली, त्याच्याविषयी. यातील कोणती शपथ खरी, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. शाहूंनी खातरजमा केल्याशिवाय वारस स्वीकारला नसता आणि पहिली शपथच खरी, असे मानण्याकडे पुष्कळांचा कल आहे. घडलेल्या गोष्टींचा क्रमही तेच सुचवतो. नातू आज्ञेत होता तोवर नातू होता. पेशव्यांनी मात्र ही दुसरी शपथ ऐकून घेतली आणि तिचा सोयीपुरता उपयोग केला. रामराजा नामधारी छत्रपती राहिला आणि गडावर कैदेतही राहिला. ज्या राजाचे कूळच संशयित, तो पेशव्यांना कधी जाब विचारणार? छत्रपतींची सत्ता पुण्याहून परत खेचून आणण्यासाठी ताराबाईंनी उचललेल्या पावलानेच ती सत्ता कायमची पुण्यात स्थिरावली.

उरलेली नऊ वर्षे त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर, आपल्या माणसांनिशी राहिल्या. पेशव्यांनी त्यांना त्रास दिला नाही आणि त्यांनीही नवी मसलत उभारली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे, नानासाहेबांचे दुर्दैव आणि मृत्यू कानी आल्यावर आपण समाधानाने मरत आहोत, असे ताराबाई म्हणाल्या. गोष्ट ऐकायला खमंग आहे आणि म्हणूनच थोडी संशयास्पदही. पानिपतात बुडाले ते एकट्या पेशव्यांचे नव्हते. नर्मदेपलीकडे मराठी घोडी पहिल्यांदा मोठ्या संख्येने गेली ती ताराबाईंच्याच हुकमतीत, हे त्या स्वतः विसरल्या असतील असे वाटत नाही.

९ डिसेंबर १७६१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ताराबाई साताऱ्यात निवर्तल्या. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे. रामराजा त्या दिवशीही वर किल्ल्यातच होता. १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी त्याला गडावरून खाली उतरवून साताऱ्यात राहण्याची मुभा दिली. तो १७७७ पर्यंत जगला. त्याला मुलगा झाला नाही. गादी दत्तकाकडे गेली.